धरसोड

आपल्या भाषेत 'धरसोड' हा शब्द निंदेचा आहे. अमका धरसोड वृत्तीचा आहे असे एकदा गावात झाले की त्याला कोणी उसने धान्य देत नाही, सोयरीक करताना चार वेळा विचार करतात, आणि दिंडीचा हिशोब तर त्याच्या हाती कोणी देतच नाही. आज एक व्रत धरले, उद्या सोडले. आज एका धंद्यात हात घातला, परवा काढून घेतला. असा तो मनुष्य. परंतु शब्द फोडून पाहिला तर त्यात दोन क्रिया आहेत, धरणे आणि सोडणे, आणि या दोहोंवाचून जगात कोणाचेच चालत नाही. पोहणारा पाणी कवेत धरतो आणि मागे सोडतो. चालणारा वारकरी एका पायाने भुई धरतो, दुसऱ्याने सोडतो. दोन्ही पायांनी धरून बसला तर वारी घडायची नाही, आणि दोन्ही एकदम सोडले तर तोंडावर पडेल. मग निंदा कशाची? धरण्याची म्हणावी तर ती निष्ठेची निंदा होईल. सोडण्याची म्हणावी तर वैराग्याची होईल.

हा प्रश्न आम्ही पुष्कळ वर्षे मनात बाळगून आहोत. त्याचा उलगडा ज्या वस्तूच्या योगाने झाला तिचे नाव सांगितले तर वाचक हसतील. ती वस्तू म्हणजे मोटारगाडीतला क्लच. हसावे, पण पुढे वाचावे. कीर्तनकाराचे अर्धे आयुष्य रस्त्यावर जाते. एका गावचे कीर्तन आटोपून रात्रीच दुसऱ्या गावाला निघायचे, आणि बसायचे ते चालकाच्या शेजारी, म्हणजे त्याला झोप येऊ नये. अशी आमची चाळीस वर्षे गेली. चालकाचा उजवा पाय काय करतो ते कोणालाही कळते. एका ठिकाणी दाबला की गाडी पळते, दुसऱ्या ठिकाणी दाबला की थांबते. डावा पाय काय करतो ते मात्र जन्मभर गाडीत बसलेल्यांनाही ठाऊक नसते.

क्लच लागतो कशाला, हे आधी नीट पाहिले पाहिजे. दृष्टांताची वस्तू पुरती न पाहता दृष्टांत दिला म्हणजे तो लंगडा होतो.

बैलगाडीला क्लच नाही. बैल उभा असतो, आणि उभ्या जागेवरूनच खांदा लावतो. दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. त्यांतला एकही बैल आधीपासून धावत नसतो. वाफेच्या आगगाडीलाही क्लच नव्हता. १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपुरास अरुंद रुळांची बार्शी लाईट आली, तिचे इंजिन वाफेचे. चाक थांबलेले असले तरी कोंडलेली वाफ दट्ट्याला रेटतच असते, म्हणून वाफेला वाट करून दिली की गाडी हलली. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाची जात निराळी. ते थांबले की त्याच्यात काडीचा जोर नाही. ते फिरत असेल तरच त्याला बळ. गाडी जागच्या जागी उभी असली तरी त्याला मिनिटाला सात-आठशे फेरे घेत राहावेच लागते. त्याहून फार खाली आले की ते गुदमरते. आता अडचण पाहा. इंजिनाला थांबून चालत नाही, आणि चाके तर थांबलेली. फिरणाऱ्याचा आणि थांबलेल्याचा मेळ घालावयाचा आहे. एकदम घालू गेले तर गाडी एक आचका देते आणि इंजिन बंद पडते.

म्हणून दोहोंच्या मध्ये क्लच. इंजिनाच्या टोकाला एक जड चक्र असते, त्यास फ्लायव्हील म्हणतात. त्याला लागून एक पातळ तबकडी, ती क्लच प्लेट. तिच्या दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर. तिच्यामागे प्रेशर प्लेट आणि स्प्रिंग. स्प्रिंगेच्या जोराने ही तबकडी चक्राला घट्ट दाबलेली असते, आणि चक्राबरोबर तीही फिरते, तिच्याबरोबर पुढे चाके फिरतात. पायाने पेडल दाबले की स्प्रिंगेचा दाब निघतो, तबकडी मोकळी होते, इंजिन आपले फिरते, चाके आपली स्वस्थ.

यात एक गोष्ट फार ध्यानात ठेवण्यासारखी आहे. क्लच स्वभावतः धरलेलाच असतो. दाबले म्हणजे तो सुटतो. पाय काढला म्हणजे धरतो. नवशिक्याचा गोंधळ निम्मा याच उलटेपणामुळे होतो. आणि आम्हांस वाटते, मनुष्याच्या ठिकाणीही स्प्रिंग अशीच बसविलेली आहे. काहीही न करता तो धरलेलाच असतो, घराला, शेताला, मानाला, 'मी सांगितले तसेच झाले पाहिजे' याला. सुटायचे तर जोर लावावा लागतो; जोर जरा ढिला पडला की पुन्हा चिकटलाच. धरण्यासाठी कोणी शिकवणी लावीत नाही.

जाता जाता एक गंमत. मोटारी नव्या निघाल्या तेव्हा क्लच शंकूच्या आकाराचा असे आणि त्यावर चामडे मढविलेले असे. चामडे कोरडे पडले की क्लच एकदम पकडी, गाडी उसळे. मग त्याला तेल पाजून मऊ करीत. हे आम्ही आमच्या मृदंगवादकाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे महाराज, त्यालाबी हवामान बाधत असणार!" पावसाळ्यात ज्याच्या मृदंगाचे पान उतरते त्यालाच हे सुचावे.

आता ह्या मृदंगवादकाचीच हकीकत. आमच्या दिंडीची एक जुनी जीप आहे. ज्यांनी ती पंचवीस वर्षे चालविली ते आमचे चालक सत्तरीला आले. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात म्हणून त्यांनी आपण होऊन सांगितले, "महाराज, किल्ली आता पोराकडं द्या." पोरगा बाविशीचा. त्याने कच्चे लायसन काढले, तालुक्याला एका शिकवणीत पंधरा दिवस गाडी शिकला, पुढे परीक्षा देऊन पक्के लायसन आणले, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसला तो गाडी सात वेळा बंद पडली. आठव्या वेळेस निघाली ती बेडकासारखी उड्या मारीत.

पोराला रडू यायचे बाकी राहिले. कारण शोधू जाता असे निघाले की, शिकवणीच्या गाडीत शिकविणाऱ्यापुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. त्याचा हेतू उत्तम. शिकणारा कोठे चुकला तर गाडी आवरता यावी. पण या शिकविणाऱ्याचा पाय पंधरा दिवसांत आपल्या क्लचवरून हलला नव्हता. पोरगा पाय सोडी, गाडी लोण्यासारखी निघे, पोराला वाटे आपल्याला आले. गाडी निघत होती ती दुसऱ्याच्या पायाने. शिकविणाऱ्याने कष्ट घेतले, कोठे धडक होऊ दिली नाही, इंजिन बंद पडू दिले नाही, आणि विद्येचा कण दिला नाही. यात त्याचा दुष्टपणा होता असे आम्ही म्हणत नाही. गाडी त्याची होती, प्लेट त्याची जळणार होती. आपल्या वस्तूला झीज लागू न देता दुसऱ्याला शिकविण्याची इच्छा आपल्यापैकी कोणाला नसते?

मग वृद्ध चालकांनी पोराला गावाबाहेरच्या माळावर नेले. आम्ही मागे बसलो होतो. त्या सकाळचा त्यांचा पाठ आम्हांस कोणत्याही शास्त्रीबुवांच्या पाठाइतका नेमका वाटला, म्हणून येथे उतरवितो.

"काका, पाय किती सोडू?"

"किती ते मला नको विचारू, गाडीला विचार. रेस द्यायची नाही. टाच भुईला टेकव, आन् मुंगीच्या पावलानं वर घे. कान दे. आवाज जाड झाला का?"

"झाला."

"नाक उचलल्यावानी वाटतंय का गाडीचं?"

"वाटतंय."

"मग तिथंच थांब. हीच जागा. आता पाय हलवायचा नाही. गाडी सरकू दे. सरकू दे अजून. घाई कुठं लागलीया? आता सोड राहिलेला, तोबी हळू."

त्या दिवशी गाडी एकदाही बंद पडली नाही. पोराची चूक कोठे होती, हेही उघड झाले. सुरुवातीचा पाय तो फार जपून सोडीत असे. पण पेडलचा तो पहिला प्रवास बहुतेक रिकामाच असतो. तेथे जपले काय न जपले काय, तबकडी अजून चक्राला शिवलेली नसते. गाडी हलली की त्याला आनंद होई आणि त्या आनंदात पाय उचलला जाई. नेमका तेव्हाच पाय उचलायचा नसतो. चक्र फिरते आहे सातशे-आठशे फेऱ्यांनी, तबकडी अजून चाकांच्या ओझ्याने मंद. तबकडी चक्रावर घासते, तापते, घसरते, आणि घसरत घसरत त्याची गती घेते. दोघांची गती एक झाली की घासणे संपले. मग पाय पूर्ण काढावा. संयम लागतो तो काम सुरू होईपर्यंत कमी, सुरू झाल्यावर जास्त. सून घरात आली, पहिला दिवस सगळे जपतात. आठव्या दिवशी सासूला वाटते झाले जुळणे, आणि ती पाय उचलते. मग घर आचका देते.

आणि ही पकडीची जागा प्रत्येक गाडीत वेगळी. एकीची खाली, एकीची वर. प्लेट झिजत जाते तशी तीही सरकते. म्हणून तीस वर्षे चालविलेला मनुष्यसुद्धा परक्याची गाडी घेतली की पहिल्या वेळी चाचपूनच पाय सोडतो. हे पुस्तकात लिहून देता येत नाही. आम्ही काशीला गेलेल्या गुरूंच्या पायाशी बसून न्याय शिकलो. तेथे संयोगाचे प्रकार सांगत. एक स्थिर नि एक हलता असा संयोग, त्याला उदाहरण डोंगरावर येऊन बसणाऱ्या ससाण्याचे. ससाणा बसताना पंख कसे आवरतो, शेवटच्या हातभर अंतरात वेग कसा मारतो, हे मात्र ग्रंथात नव्हते. ते ससाण्यालाच ठाऊक.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

त्या वर्षी आषाढीच्या वाटेवर वृद्ध चालक शेजारी आणि पोरगा चाकावर, असे सामान घेऊन आम्ही दिवे घाट चढत होतो. माणसांची आणि वाहनांची दाटी. दहा पावले जावे, थांबावे. पोरगा आता सराईत झाला होता. चढावर गाडी मागे जाऊ नये म्हणून त्याने एक युक्ती काढली. क्लच अर्धा दाबायचा, थोडी रेस द्यायची, की गाडी ना पुढे ना मागे, जागच्या जागी तोलून राहते. बाहेरून पाहणाऱ्याला केवढे कौशल्य वाटावे! थोड्याच वेळात कागद आणि कापड एकत्र करपल्यासारखा वास आला. वृद्ध चालकांनी नाक वर केले आणि म्हणाले, "महाराज, आपली प्लेट जळतीया." मग पोराला म्हणाले, "हँडब्रेक ओढ लेका, आन् गाडी न्यूट्रल कर. उभं राहायचं तर उभं राहा. जायचं तर जा."

या प्रकाराला चालकमंडळी हाफ क्लच म्हणतात. त्यांचे म्हणणे असे की, तबकडी पूर्ण धरलेली असेल तर झिजत नाही, कारण चक्राबरोबर एकजीव होऊन फिरते. पूर्ण सुटलेली असेल तरी झिजत नाही, कारण कशाला शिवतच नाही. झिजते ती अर्ध्यात. नीट वापरणाऱ्याची प्लेट लाखभर किलोमीटर जाते आणि अर्ध्यात ठेवणाऱ्याची वीस-तीस हजारांत बदलावी लागते. अर्ध्यातून जाणे मात्र कोणाला चुकत नाही. अर्ध्यावाचून गाडी उभ्या जागेवरून निघणारच नाही. तेव्हा अर्धे वाईट असे म्हणता येत नाही. त्यातून जावे लागते, आणि जाताना थोडा ताप सोसावा लागतो. तेथे बिऱ्हाड केले की जळते.

येथे कोणी विद्वान म्हणेल, हे तर मध्यम मार्गाच्या विरुद्ध झाले. फार धरू नये, फार सोडू नये, थोडे इकडे थोडे तिकडे असावे, असेच ना सगळे शहाणे सांगतात? हा आक्षेप आम्ही वृद्ध चालकांपुढे ठेवला, कारण त्याचे उत्तर आमच्या पोथ्यांतून आम्हांस चटकन सापडेना. ते म्हणाले, "महाराज, हळू जायचं तर खालचा गिअर घ्यायचा. क्लच अर्धा दाबून कुणी हळू जातं का?"

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. पहिल्या गिअरात गाडी सावकाश चालते, पण तिची ओढ सर्वांत जास्त असते, आणि धरलेली ती पूर्ण असते. चवथ्या-पाचव्यात वेग असतो, ओढ कमी. ज्याला आपण मध्यम म्हणतो, मित म्हणतो, ते खालच्या गिअरासारखे आहे. थोडेच काम घ्यावे, पण घेतले त्यात पूर्ण असावे. अर्ध्या क्लचवरचा मनुष्य काम मोठेच घेतो, वेगही मोठाच ठेवतो, आणि मन मात्र अर्धे लावतो. आवाज त्याचा फार होतो. रेस दिलेली असते ना! आणि तोही स्वतःला मध्यममार्गी म्हणवितो. देवळाच्या कमिटीत असतो आणि नसतो. भावाशी बोलतो आणि बोलत नाही. पंधरा वर्षे दावा मागेही घेत नाही, चालवीतही नाही. वास येत राहतो, आणि हळूहळू घरच्या माणसांना तो वास येईनासाही होतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर वाचक म्हणतील, महाराजांनी सोडण्याचा धडा दिला नि मोकळे झाले. परतीच्या वेळी तोच दिवे घाट उतरायचा असतो. उतार लागला तसा पोरगा म्हणाला, "काका, न्यूट्रल करू का? तेल वाचंल." ही समजूत पुष्कळांत आहे. वृद्ध चालकांनी त्याचा हात गिअरवरून काढला. गाडी उतारावर गिअरात असली की चाके उलट इंजिनाला फिरवितात आणि इंजिन गाडीला मागे धरून ठेवते. तेलही त्यात वाचते. आताच्या गाड्यांत तर गिअरात राहून पाय काढला की तेवढ्यापुरते तेल बंदच होते, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन फिरते ठेवायला ते जाळावेच लागते. क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून उतरले की इंजिनाचा आधार तुटतो, आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतो. फार तापला की धरेनासा होतो. मग घाटात काय होते ते वर्तमानपत्रात येते.

सपाटीवर सिग्नलला उभे असताना न्यूट्रल शोभते. पण पुष्कळ मंडळी अशी आहेत की ज्यांना वैराग्य होते ते नेमके उतारावर. घरात दुखणे आले, मुलाची नोकरी गेली, कर्जाचा हप्ता थकला, की गृहस्थ म्हणतात, "आता आम्ही संसारातून मन काढून घेतले आहे." माळ हातात, डोळे मिटलेले. ऐकणाऱ्याला निरिच्छपणा वाटतो. पण गाडी तर उतारावरच आहे, आणि कोठे तरी कोणी तरी ब्रेक होऊन तापते आहे. बहुधा ती त्यांची बायको असते. तिला वैराग्याची सवड मिळत नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाने हाच प्रश्न घातला आहे की, कर्माचा संन्यास आणि कर्मयोग यांतले बरे कोणते ते एक निश्चित सांग. उत्तर कर्मयोगाच्या बाजूने गेले आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. उत्तर तसे का गेले, याची पुस्तकी कारणे आम्ही अनेक सांगत आलो. घाट उतरताना ब्रेकचा वास घेतलेल्या माणसाला एकही सांगावे लागत नाही.

आता कोणी म्हणेल, क्लचचे दिवसच भरले, कशाला हा काथ्याकूट? खरे आहे. २०१४ पासून आपल्याकडे मध्यम किमतीच्या गाड्यांतही असे यंत्र आले की क्लचचे पेडलच नाही. पण त्या गाड्यांत क्लच आहेच. पाय तेवढा गेला आहे, दाबण्या-सोडण्याचे काम यंत्र करते. विजेच्या गाडीला मात्र क्लच लागत नाही, कारण विजेची मोटर वाफेच्या इंजिनासारखीच उभ्या जागेवरून ओढ घेते. होवोत सगळ्या गाड्या तशा. माणसाच्या छातीत मोटर बसेल तेव्हा हा लेख रद्द समजावा.

राहिली एक गोष्ट, आणि ती आमच्या वयाच्या मंडळींसाठी आहे. क्लचचे आणखी एक दुखणे असते. गाडी चांगली वेगात आहे, क्लचचे काही काम नाही, तरी चालकाचा डावा पाय पेडलवर ठेवलेला असतो. दाबलेला नसतो, नुसता ठेवलेला. विचारले तर म्हणतो, "दाबलाय कुठं? असाच आहे, वेळ पडली तर असावा म्हणून." पण नुसत्या पायाच्या वजनानेही स्प्रिंगेचा दाब थोडा हटतो, तबकडी नकळत घसरते, आणि आतले बेअरिंग अखंड फिरत राहून झिजते. ट्रॅक्टर चालविणाऱ्या शेतकऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. इंजिन गर्जते, नांगर मात्र ओढत नाही.

एका गावी आमचा वर्षाला सप्ताह असतो. तेथे एक वृद्ध वारकरी आहेत, कांद्याची शेती. त्यांनी सत्तरीत शेत मुलाच्या स्वाधीन केले. चार माणसांत सांगितले, सातबारा नावावर करून दिला, वारीला जाताना म्हणाले, आता मोकळा झालो. पण रोज सकाळी बांधावर उभे राहत. मुलाने कांदा काढायला मजूर सांगितले की हे म्हणत, "चार दिवस थांबला असता." विकला की म्हणत, "भाव वाढला असता." ठेवला की म्हणत, "सडेल." आज्ञा एकही नाही. पाय नुसता ठेवलेला. मुलगा चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. तो ना आपल्या बुद्धीने चाले ना बापाच्या. एके वर्षी अर्धा कांदा विकला, अर्धा चाळीत ठेवला, आणि दोन्हीकडे बुडाला. त्या सप्ताहात बापलेक एका पंगतीत बसले नाहीत.

आमचे गुरू शिकवीत की, सूत आणि वस्त्र यांचा संबंध वेगळा नि हात आणि पुस्तक यांचा वेगळा. सूत काढले तर वस्त्रच उरत नाही; तो समवाय. हात काढला तरी पुस्तक पुस्तकच राहते; तो संयोग. त्या गृहस्थांना आपण शेताचे सूत आहोत असे वाटत होते. आपण निघालो की शेत उसवेल. हे भय आहे, लोभ नव्हे, आणि म्हणूनच त्याच्यावर उपदेश चालत नाही. 'सोडा हो आता' असे आम्ही म्हटले असते तर ते म्हणाले असते, सोडलेच आहे की. आणि ते खोटेही नव्हते. सातबारा दाखविला असता.

आम्ही त्यांना उपदेश केला नाही. जीपमधून पंढरीला जाताना त्यांना पुढे बसविले आणि वृद्ध चालकांनी वाटेत पोराला जे काय सांगितले ते त्यांनी ऐकले. अर्ध्या क्लचचे, खालच्या गिअराचे, ठेवलेल्या पायाचे. तेही ट्रॅक्टरवाले, मान हलवीत होते. इंदापूरपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग पाय ठेवायचा कुठं? पायाला जागा तर पाहिजे ना?"

प्रश्न खरा होता. गाडी बनविणाऱ्यांनीही तो ओळखलेला आहे. कित्येक गाड्यांत क्लचच्या डाव्या अंगाला एक आडवी पट्टी असते ती केवळ पाय टेकण्यासाठी. चालकांनी त्यांना ती दाखविली. जुन्या जीपला नव्हती, म्हणून त्यांनीच लाकडाचा ठोकळा बसविला होता, पंचवीस वर्षांच्या पायाने गुळगुळीत झालेला.

पुढच्या सप्ताहाला गेलो तेव्हा पाहिले. रोपांचे वाफे त्यांनी आपल्याकडे घेतले आहेत. बी कोणते, केव्हा टाकायचे, पाणी किती, सगळे ते पाहतात. अडीच-तीन गुंठ्यांत पहाटेपासून असतात, आणि मुलगा तेथे पाऊल टाकण्याआधी विचारतो. वाफ्यांच्या पलीकडे जे शेत आहे त्यातल्या कांद्याचे आम्ही मुद्दाम विचारले, यंदा ठेवणार की विकणार?

"ते पोराला माहीत," ते म्हणाले, आणि वाफ्यातले तण उपटू लागले.